पाथरीचं गोत

मार्चचा दुसरा आठवडा, धुळे, दुपारचे साडेतीन. अशा मुहूर्तावर मी लेट्यूसचं बी पेरलं. हे वाचून ज्यांना हसू आलं ते आपल्याकडचे. ज्यांना आलं नाही त्यांनी एकदा त्या दिवसांत देवपूरला यावं आणि आमच्या मागच्या अंगणात पाच मिनिटं अनवाणी उभं राहून दाखवावं.

चूक माझीच, पण पाकिटाच्या भरवशावर झालेली. लेक पुण्याला नोकरी करते. तिथं राहून तिला दोन सवयी लागल्यात, एक फोन न उचलायची आणि दुसरी रात्रीच्या जेवणाला नुसता पाला खायची. होळीला आली ती चार पाकिटं घेऊन. पुढच्या बाजूला दवानं ओल्या पानांचे असे फोटो की लग्नाच्या अल्बममध्ये शोभावेत. मागे बारीक अक्षरात पेरणीचा काळ, मार्च ते मे. लिहिणारा कुठल्या तरी थंड मुलखातला असणार. त्याच्याकडे मार्चमध्ये बर्फ वितळत असेल. आमच्याकडे त्या सुमारास माठ धुऊन तिवईवर चढतो. पण मी जन्मभर बँकेत काढलेला माणूस. छापील कागदावर विश्वास ठेवायची खोड निवृत्तीनंतरही गेली नाही.

माय खाटेवर बसून सगळं बघत होती. वय ऐंशीच्या पुढे, नजर अजून घारीची.

"हाई काय पेरी राहिना रे?"

मी सांगितलं. पाकीट दाखवलं. तिनं फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, परत दिला. "ढोरेसले टाकतस तसा पाला शे हाऊ," म्हणाली आणि कूस बदलून झोपली.

आठ दिवस सकाळ-संध्याकाळ झारीनं पाणी घातलं. वाफा चार फूट बाय सहा फूट, त्याला इतकी सेवा म्हणजे नवसाचं पोर झालं. उगवली फक्त घोळ. ती कुणाच्या परवानगीची वाट बघत नाही. मी कंटाळून म्हटलं, बी मेलेलं होतं, पाकीटवाल्यानं फसवलं. माय म्हणाली, "तुनं बी मरेल नही, रुसेल शे."

नंतर वाचत गेलो तसं कळलं की ती शब्दशः बरोबर होती. लेट्यूसच्या बियाला साधारण १५ ते २० अंशांची माती आवडते. तिशीच्या वर गेली की बहुतेक वाणांचं बी पाणी पितं, फुगतं आणि तिथंच थांबतं. आत जीव असतो, पण दार उघडत नाही. याचा रानटी पूर्वज भूमध्य समुद्राच्या आणि पश्चिम आशियाच्या बाजूचा. तिथं उन्हाळा कोरडा, पाऊस हिवाळ्यात. माती तापलेली असताना पाणी मिळालं तर त्यावर विसंबायचं नाही, हे त्या बियाच्या रक्तात आहे. माझं झारीभर पाणी त्याला अवकाळी वाटलं असणार. आमच्याकडचा शेतकरीसुद्धा अवकाळी पावसावर कपाशी लावत नाही.

जूनमध्ये पाऊस पडल्यावर पुन्हा पेरलं. या वेळी उगवलं, दोन पानांवर आलं आणि पंधरवड्याच्या झडीत जमिनीलगत देठं काळी पडून रोपं एकेक करून आडवी झाली. रोपं कोलमडणं म्हणतात त्याला. मिरची-वांग्याचं रोप टाकणाऱ्या कुणालाही विचारा. त्यावर जास्त बोलत नाही, दुःखापेक्षा चिखलच जास्त होता.

तिसरी पेरणी कोजागरीनंतर. तोवर माझा थोडा अभ्यास झाला होता. बी ओल्या फडक्यात गुंडाळून एक दिवस फ्रिजमध्ये ठेवायचं आणि दिवस कलल्यावर पेरायचं, कारण भिजल्यानंतरचे पहिले काही तास बियाला गारवा लागतो. पुरचुंडी फ्रिजमध्ये ठेवताना मायनं पाहिलं. मटकीला मोड आणायचे तर ती फडकं बांधून चुलीच्या उबेला ठेवायची, आणि हा पोरगा बियाला थंडीत कोंडतोय. "हुडहुडी भरी त्याले," म्हणाली. बायकोनं फ्रिजमध्ये पुरचुंडी पाहून ती खरंच मटकी समजून बाहेर काढली, ती गोष्ट वेगळी. वेळेवर लक्षात आलं.

दुसरं शिकलो ते उजेडाचं. या बियाला खोल पुरायचं नाही. नुसतं मातीवर भुरभुरायचं आणि वर चाळलेलं खत, नखावर बसेल इतकंच. लेट्यूसच्या अनेक वाणांचं बी अंधारात उगवायला तयार नसतं. १९५२ साली अमेरिकेत बेल्ट्सव्हिल इथल्या सरकारी शेती संशोधन केंद्रात शास्त्रज्ञांनी 'ग्रँड रॅपिड्स' नावाच्या लेट्यूसवर एक प्रयोग केला. भिजलेल्या बियांवर लाल उजेड टाकला की ते उगवायचं. त्यानंतर लगेच त्याहून गडद, डोळ्यांना जेमतेम दिसणारा लाल उजेड टाकला की उगवायचं थांबायचं. पुन्हा साधा लाल टाकला की पुन्हा उगवायचं. असं आलटून-पालटून कितीही वेळा करा, शेवटचा उजेड कोणता होता त्यावर बी निर्णय घ्यायचं. या खोडसाळपणातूनच पुढे वनस्पतींमधलं फायटोक्रोम नावाचं रंगद्रव्य सापडलं, झाडाला उजेड कळतो तो ज्यामुळे.

बियाचा त्यातला हिशेब असा : दुसऱ्या झाडाच्या पानांतून गाळून आलेल्या उजेडात तो गडद लाल जास्त उरतो. म्हणजे बियाला समजतं की डोक्यावर कुणाची तरी सावली आहे, इथं डोकं वर काढण्यात अर्थ नाही. एका ग्रॅममध्ये हजाराच्या आसपास बिया बसतात. इतक्या चिमटीभर शिदोरीवर ज्याला संसार मांडायचा, त्यानं शेजार पाहूनच घर बांधावं.

ही सगळी माहिती मी मायला उत्साहानं सांगितली. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि वाफ्याकडे बोट केलं. "ते ऱ्हाऊ दे. मुंग्या ली चालन्यात तुनं बी."

खरंच चालल्या होत्या. वाफ्याच्या कडेपासून मोरीच्या फटीपर्यंत काळ्या मुंग्यांची रांग, आणि दर तिसऱ्या-चौथ्या मुंगीच्या तोंडात एक पांढुरकं, निमुळतं बी, आडवं धरलेलं. एक मुंगी बी उभं करून नेत होती, गणपतीच्या मिरवणुकीत झेंडा धरतात तशी. दोन मुंग्यांची एका बियावरून ओढाताण चालली होती. मी गुडघ्यावर बसून किती वेळ बघत राहिलो सांगता येत नाही. राग यायला हवा होता, पण इतकी शिस्तीची लूट मी पहिल्यांदाच पाहत होतो. बायको मुंग्यांची पावडर आणायला आत गेली.

मायनं तिला थांबवलं. कच्चंच खायच्या पाल्याजवळ पावडर कशाला, हा मुद्दा होताच. पण ती म्हणाली ते वेगळं : "मुंग्यास्ले बी पोट ऱ्हास ना." मग डब्यातून मूठभर ज्वारीची कणी आणवली आणि मोरीच्या फटीपाशी ओतायला लावली. वाफ्याच्या चहूबाजूंनी राखेची रेघ ओढली. तासाभरात रांग वळली. घराशेजारी फुकट जेवण असताना वाफ्यापर्यंत पायपीट कोण करतो? चार-पाच दिवस रोज मूठभर कणी घातली. तेवढ्यात बी रुजलं. रुजलेलं बी मुंग्या नेत नाहीत.

माझे आजोबा, म्हणजे मायचे सासरे, पांझरेच्या काठी पाटकरी होते. धुळे जिल्ह्याबाहेरच्यांना हे सांगावं लागतं. पांझरा, मोसम, गिरणा या नद्यांवर जुने दगडी बंधारे आहेत. त्यांतून पाट काढून ओलिताचा सगळा शिवार फडांमध्ये वाटलेला असायचा. एका फडात एका हंगामाला एकच पीक. आणि पाणी शेतकऱ्यानं स्वतः फोडून घ्यायचं नाही. ते भरायचं पाटकऱ्यानं, क्रमानं. जागल्या राखण करणार, हवालदार या सगळ्यांवर लक्ष ठेवणार. सरकार आलं-गेलं, ही व्यवस्था काही शतकं गावांनी गावातच चालवली. आजोबांच्या खांद्यावर फावडं आणि मागे चिखलातून चालणारा मी, एवढंच मला आठवतं. ते बारं मोडून पाणी एका सरीतून दुसरीत वळवायचे आणि वळवल्यावर क्षणभर थांबून पाण्याचं तोंड पुढे सरकताना बघायचे. पाण्यापुढे मुंग्या, किडे, वाळकी पानं पळत असायची.

आता त्यांच्या नातवाचा फड चोवीस चौरस फुटांचा आणि त्यात चार पिकं. सुट्या पानांचं हिरवं लेट्यूस, तांबूस झालरीचं एक, आईसबर्ग आणि अरुगुला. आमच्या नळाला पाणी रोज येत नाही, त्यामुळे बारीचा हिशेब मलाही ठेवावा लागतो. तांदूळ आणि डाळ धुतलेलं पाणी वाफ्याला, कपड्यांचं फक्त कर्दळीला. जे धुऊन थेट पानात वाढायचं, त्याच्या मुळाशी साबणाचं पाणी नको आणि ताजं शेणही नको. शेणखत चांगलं वर्षाचं मुरलेलं, हाताला शेण न लागता माती लागेल असं.

मातीचंही सांगून टाकतो. आमची काळी माती कपाशीसाठी ठीक, पण चिमटीभर बियाला ती झेपत नाही. भिजली की फुगते, सुकली की वर कवच धरते आणि भेगाळते. दोऱ्याएवढ्या मोडाला ते कवच फोडणं म्हणजे स्लॅबखालून निघण्यासारखं. म्हणून वरचा वीतभर थर मी तयार केला. एक घमेलं काळी, दोन घमेली जुनं खत, एक घमेलं चाळलेली रेती. मावा एकदा पडला, पाण्याच्या फवाऱ्यानं धुऊन गेला. बुलबुलांची एक जोडी रोज सकाळी शेंडे खायला यायची. त्यांच्यासाठी माय होती आणि तिच्याकडे काठी होती.

खरी परीक्षा विरळणीची. बी उगवलं ते आमटीत मोहरी पडावी तसं दाट. वाफ्यात इतकी पोपटी गर्दी की पाहून पोट भरावं. पुस्तक सांगत होतं, दोन रोपांत वीतभर अंतर ठेवा, बाकीची काढा. म्हणजे दहांतली नऊ मारा. तीन वेळा पेरून, मुंग्यांना जेवू घालून वाढवलेली ही प्रजा. मी रोज खुरपं घेऊन जायचो आणि एखादं मरतुकडं रोप काढून परत यायचो. आठवड्यानं सगळी रोपं उंच, पिवळी, एकमेकांच्या खांद्यावरून ऊन बघणारी झाली.

एका सकाळी माय स्वतः उठली. खाटेवरून वाफ्यापर्यंतची बारा पावलं चालायला तिला बराच वेळ लागला. पाटावर बसली, लुगड्याचा ओटा केला आणि सुरू झाली. अंगठा आणि तर्जनी, बस्स. रोपाच्या बुडाशी चिमटी, किंचित तिरका हिसका, शेजारचं मूळ हलायचं नाही. मध्येच एखादं रोप धरायची, सोडून द्यायची आणि पलीकडचं काढायची. का, ते विचारलं तर सांगता आलं नसतं तिला. जन्मभर कपाशीची, बाजरीची विरळणी केलेली बोटं. त्यांना अंतर मोजावं लागत नव्हतं. जिथं टक्कल होतं तिथं ओट्यातलीच चार रोपं खोचून तिनं नांग्याही भरल्या. अर्ध्या तासात वाफा असा मोकळा झाला, जशी भरल्या एसटीतून अर्धी माणसं मध्येच उतरून जावीत.

ओट्यात मूठ-दोन मुठी कोवळी रोपं जमली होती. मी म्हटलं, टाकतो गाईला. तिनं ओटा आवळला. घरात जाऊन ती धुतली, ताटात घेतली, वर मीठ, तिखट आणि शेंगदाण्याचं कच्चं तेल. कळण्याच्या भाकरीबरोबर बसून खाल्ली. मी काही बोललो नाही. ढोरांच्या पाल्याची आठवण करून द्यायची ती वेळ नव्हती.

लेक जे करते तेही याहून फार निराळं नाही, नुसतं तेल महाग असतं. सॅलड हा शब्द मुळात मिठावरूनच आलाय, लॅटिनमध्ये मिठाला साल म्हणतात. पाला आणि मीठ. त्यासाठी खान्देशाला इटलीची गरज होती असं मला आता वाटत नाही. हिवाळ्यात भरिताच्या ताटात पातीचा कांदा आणि मुळा कच्चाच असतो. मेथीची कोवळी जुडी भाकरीबरोबर तशीच चावत आम्ही वाढलो. हरभऱ्याचे शेंडे खुडताना निम्मे तोंडात जायचे, त्यावरची आंब ओठांना झोंबायची आणि शेंडे खुडल्यानं फुटवा वाढतो म्हणून कुणी रागवायचं नाही.

खुडणं, उपटणं, कापणं, तोडणं. पाल्याच्या मागे आपल्याकडे किती क्रियापदं आहेत, आणि प्रत्येकाचा परिणाम वेगळा. मेथी उपटतात, मामला एका दिवसात संपतो. हरभरा खुडतात. पालक कापतात, तो पुन्हा येतो. लेट्यूस मी आधी उपटत होतो; इंटरनेटवरच्या एका बाईंनी कात्रीनं कापून दाखवलं. मायनं सांगितलं, कात्री नको, बाहेरची पानं खाली दाबून एकेक मोड, मधला डोळा राहू दे. तशी डिसेंबर ते फेब्रुवारी आम्ही एकाच रोपावरून सात-आठ वेळा पानं घेतली. थंडी यंदा झकास होती. आपल्याकडे कृषी महाविद्यालयात पारा पाच-सहा अंशांवर उतरल्याची बातमी वाचून लोक मफलर शोधतात. मी पहिल्यांदाच तसली बातमी वाचून खूश होऊन वाफ्याकडे गेलो. आईसबर्गनं मात्र गड्डा बांधला नाही. पानं जरा आत वळवली, विचार केला आणि तसाच राहिला.

अरुगुलाची गंमत सांगायची राहिली. पुण्यात हे पान पिझ्झ्यावर मोजून टाकतात. आमच्याकडे ते गाजरगवताच्या जोमानं आलं. चव मोहरीच्या पानासारखी, नाकात जाणारी. शोधता शोधता कळलं की हा आपला तारामिरा. राजस्थान-हरयाणात रब्बीला ओलीवर पेरतात, तेल काढतात, पेंड जनावरांना घालतात. लेट्यूसचंही मूळ तसंच. प्राचीन इजिप्तमध्ये ते बियांच्या तेलासाठी लावायचे आणि त्यातल्या पांढऱ्या चिकामुळे मिन नावाच्या देवाला वाहायचे. आपल्याकडे युनानी हकीम झोप येत नसलेल्याच्या डोक्याला काहूचं तेल चोळायला सांगतात. काहू म्हणजे लेट्यूस. चारी पाकिटांवर यातलं काही छापलेलं नव्हतं.

जानेवारीच्या शेवटी वाफ्याच्या कोपऱ्यात एक आगंतुक दिसलं. जमिनीला चिकटून गोल पसरलेली पानं, कडा कुरतडल्यासारख्या, त्यांवर बारीक पांढरे दात. मी खुरपं लावणार एवढ्यात खाटेवरून आवाज आला.

"उपटू नको. पाथरी शे ती."

पाथरी. किती वर्षांनी तो शब्द कानावर पडला. बांधावर, गव्हाच्या ओलीत उगवायची. निंदायला गेलेल्या बाया दुपारच्या भाकरीला ती उपटून पाटात धुवायच्या आणि तेल-मीठ लावून, नसलं तर नुसत्याच ठेच्याबरोबर कच्ची खायच्या. किंचित कडू. दुभत्या म्हशीला घातली की दूध वाढतं, असं माय सांगते. तिच्या पदराला बांधलेल्या जेवणात मी ती नक्कीच खाल्ली असणार. तणनाशक आलं आणि बांधही दिसेनासे झाले, तशी ती माझ्या डोळ्यांपुढून कधी गेली ते कळलं नाही.

मायनं तिचं एक पान तोडलं. देठातून दुधाचा थेंब आला. मग तिनं शेजारच्या लेट्यूसचं पान मोडलं. तसाच थेंब. दोन्ही थेंब दोन बोटांवर घेऊन माझ्यापुढे धरले.

"दोन्हीस्नं दूध एकच शे."

मी आत जाऊन शोधलं. पाथरी, लेट्यूस, करडई, शेवंती, सूर्यफूल, सगळी एकाच कुळातली. आणि त्यातही पाथरी नि लेट्यूस एकमेकींच्या फार जवळच्या. लेट्यूसच्या शास्त्रीय नावातला लॅक्टुका हा शब्द आलाय तोच दुधावरून. नाव देणाऱ्यांनी जे पाहिलं ते मायनं दोन बोटांवर पाहिलं होतं. त्या दिवसापासून तिनं लेट्यूसला ढोरांचा पाला म्हणणं सोडलं. विलायती पाथरी म्हणते. "जा, ईलायती पाथरी तोडी आन."

महाशिवरात्रीनंतर ऊन बदललं. आधी पानांची चव गेली. फेब्रुवारीत गोडसर लागणारं पान मार्चच्या पहिल्या आठवड्यात जिभेवर कडवट रेंगाळायला लागलं. मग मधला डोळा सरळ वर निघाला. कांद्याला डेंगळा येतो तसा याचाही डेंगळा. आठ-दहा दिवसांत गुडघ्याला लागला, मग कमरेला. उष्णता आणि लांबत चाललेले दिवस मिळून झाडाला सांगतात की आता पानं पुरे, बियांच्या मागे लाग. दूध वाढतं, कडूपणा त्या दुधातच असतो. मी वर हिरवी शेडनेट बांधली, दुपारी पाणी शिंपडलं, शेंडा खुडून पाहिला. बगलेतून चार डेंगळे आले.

बायको म्हणाली, काढून टाका, जागा अडते, तिथं गवार लावू. मायनं दोन झाडं राखायला लावली. पाथरीलाही हात लावू दिला नाही. एप्रिलमध्ये दोन्हींना पिवळी फुलं आली, लेट्यूसची बारकी, गुंजेएवढी. सकाळी उघडायची आणि ऊन चढायच्या आत मिटून जायची. एक फूल एकाच सकाळचं. दोन-तीन आठवड्यांनी तिथं पांढरे गोंडे. शेवरीची म्हातारी उडते तशा त्यांच्या बारीक म्हाताऱ्या. वारा आला की एखादी सुटायची, खाटेवरून तरंगत जायची. माय हात वर करून धरायला बघायची. बहुतेक हुकायची.

सगळं बी एकदम पिकत नाही, म्हणून मी रोज कागदाच्या पिशवीत गोंडे झटकायचो. फुंकर मारून कोंडा काढला. काडेपेटीभर बी निघालं.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक आली. आमच्याकडे लेकी दिवाळीपेक्षा आखाजीला हक्कानं येतात. पिशवी ठेवली, पाणी प्यायली आणि मागच्या दारात गेली. वाफ्यात गवारीची दोन-दोन पानं, आणि कडेला काड्या झालेली दोन उंच झाडं. त्या दिवशी ४३ अंश होतं.

"पप्पा, सॅलड?"

मी काडेपेटी दाखवली. तिनं झाकण सरकवून बोटाच्या टोकावर दोन बिया घेतल्या, एक पांढुरकी आणि एक तपकिरी. म्हणाली, या वेगळ्या का दिसतात? मी चष्मा लावून पाहिलं. पेटीत दोन जातींचं बी होतं. मी भरलं तेव्हा एकच होतं.

मायकडे पाहिलं तर ती पदरानं वारा घेत होती. आमचं थोडं वाजलं. मी म्हटलं, माझं बी फ्रिजच्या दारात राहील, थंड आणि कोरडं. ती म्हणाली, आमच्या काळात बी राखेत राहायचं. शेवटी निम्मं फ्रिजमध्ये गेलं, आणि निम्मं राख घातलेल्या पत्र्याच्या डब्यात तिच्या खाटेखाली.

"पण आजी, यातलं कुठलं कुठलंय?" लेकीनं विचारलं.

"उगनं म्हंजे समजी," माय म्हणाली आणि तिला पंख्याचा नंबर वाढवायला सांगितलं.